कारागिराची सही



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले, तेव्हा आम्ही बोनसवर, महागाई भत्त्यावर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही विषय कळवला तो 'डिझायनरांच्या पोर्टफोलिओ संकेतस्थळांतील बारकावे'. त्यावर चालकांपैकी एका सद्गृहस्थांनी फोन करून विचारले, "साहेब, दुसऱ्या कोणाचे पत्र चुकून तुमच्या नावाने आमच्याकडे आले नाही ना?" नाही. पत्र आमचेच होते आणि विषयही आमचाच आहे. तो कामगारांचा कसा, हे सांगण्यासाठीच आम्ही आज आलो आहोत.

आमचे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे शिक्षण १९८६ सालापासून पुण्यातल्या एका छापखान्यात, खिळ्यांच्या केसपुढे उभ्याने झाले. जुळारी म्हणून हात बसतो न बसतो तोच खिळे भंगारात गेले, ऑफसेट आले, मागोमाग संगणकावरची डी.टी.पी. आली. युनियनचे जुने सभासद घरी बसले आणि त्यांची मुले संगणकापुढे बसली. त्यांतली काही आज डिझायनर आहेत. फोनच्या पडद्यावर आपण जी बटणे दाबतो, जे फॉर्म भरतो, जी पाने सरकवतो, ती रचण्याचे काम करतात. ही मुले युनियनच्या कचेरीत सल्ल्यासाठी येतात आणि आपापली संकेतस्थळे उघडून दाखवतात. अशी शे-दीडशे तरी आम्ही पाहिली असतील. पाहता पाहता गोडी लागली, आणि इतर देशांतल्या नामांकित मंडळींची कशी असतात हेही पाहू लागलो.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पूर्वी जाहिरातीत काम मागायला जाणारा चित्रकार काखेत चित्रांचे बाड घेऊन जाई. आता ते बाड इंटरनेटवर असते. त्याला स्वतःचा पत्ता असतो, वर नाव असते, खाली केलेल्या कामांचे नमुने आणि संपर्काची जागा. नोकरी देणारा प्रथम तेच पाहतो. पण जुन्या बाडात आणि यात एक मोठा फरक आहे. बाडाची पिशवी कशी होती याला कोणी गुण देत नसे. इथे पिशवीसुद्धा नमुनाच आहे! जो माणूस 'मी पडदे रचतो' असे सांगतो, त्याने स्वतःचा पडदा कसा रचला हे पाहणारा पाहतोच. म्हणून ही मुले त्या पिशवीवर जीव तोडून मेहनत करतात, आणि त्या मेहनतीतून बारकावे निघतात.

बारकावा म्हणजे काय? बटण दाबले की ते किंचित दबावे आणि सोडले की वर यावे. दाबल्यापासून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात काहीतरी हलले, तर ते आपल्या बोटानेच हलले असे माणसाला वाटते. त्याहून उशीर झाला की मधे कोणीतरी आहे असे वाटू लागते. याकोब नील्सन यांनी १९९३ सालच्या आपल्या पुस्तकात ही मर्यादा मांडली आणि डिझायनर ती अजून पाळतात. ईमेलचा पत्ता दाबला की तो उतरून घेतला जावा आणि शेजारी 'उतरवला' एवढाच शब्द क्षणभर उमटावा. एका मुलाने आपल्या पानावर रात्र-दिवसाचे बटण न ठेवता वरून एक दोरी लोंबती सोडली होती. ती बोटाने खाली ओढली की पान काळे होई आणि दोरी झोके घेत थांबे. आमच्या चाळीतल्या दिव्याची दोरी अशीच होती. त्या मुलाने ती पाहिली असण्याचा संभव नाही, पण दोरीचे वजन त्याने बरोबर पकडले होते.

याहून मोठा खेळही काही जण मांडतात. फ्रान्समधल्या ब्रुनो सिमोन यांनी २०१९ साली केलेले संकेतस्थळ जगभर गाजले. ते उघडल्यावर पान दिसतच नाही. एक मैदान दिसते आणि त्यावर खेळण्यातली एक छोटी मोटार. बाणांच्या कळा दाबल्या की मोटार चालते. जमिनीवर त्यांच्या नावाची अक्षरे उभी आहेत. मोटार त्यांवर घातली तर ती खरोखरीच्या लाकडी ठोकळ्यांसारखी कलंडतात. एका बाजूला पाडायच्या खुंट्याही मांडल्या आहेत. त्यांची कामे पाहायची तर मोटार हाकत तिथवर जायचे. आमच्या नातवाने ते पंधरा मिनिटे चालवले आणि तो माणूस कोण, काय करतो, याची चौकशीही केली नाही. आम्ही मात्र अक्षर कलंडताना पाहत राहिलो. ते कडेला धडकले तर गिरकी घेते, मधोमध धडकले तर सरळ आडवे होते. हे कोणी मागितले नव्हते, याचे पैसे कोणी दिले नव्हते. आणि ज्या हत्याराने ते केले, ते 'थ्री-जेएस', तेही रिकार्दो काबेयो नावाच्या स्पॅनिश कारागिराने २०१० साली सर्वांना फुकट वापरायला दिलेले.

इथे कामगार चळवळीतल्या माणसाचे कान टवकारतात. ज्याचे पैसे कोणी देत नाही असे काम माणूस रात्री जागून का करतो? हौस म्हणावे तर हौस आहे. नोकरी मिळावी हा हेतूही आहे. पण आमच्या मते याहून जुने एक कारण आहे, आणि ते आम्हांला छापखान्यात कळले.

१८६७ सालच्या कायद्याने या देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण घालणे बंधनकारक केले होते. आमच्या हातांनी तशा शेकडो ओळी जुळवल्या. 'मुद्रक' म्हणून नाव कोणाचे? छापखान्याच्या मालकाचे. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर, प्रकाशकाचे आत, मुद्रकाचे शेवटी. जुळाऱ्याचे कुठेच नाही. निर्णयसागर छापखाना आणि जावजी दादाजी ही नावे या सभागृहातल्या जाणत्या मंडळींना ठाऊक असतील. त्या छापखान्याच्या सुबक टाइपाची कीर्ती देशभर होती. पण ज्यांनी पोलादात ती अक्षरे कोरली, ते राणोजी रावजी आरू किती जणांना ठाऊक आहेत? अगदी अलीकडचे घ्या. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये 'मंगल' नावाचा देवनागरी टाइप येतो. कोट्यवधी लोकांनी त्यात अर्ज लिहिले, पत्रे लिहिली. तो र. कृ. जोशी या आपल्या महाराष्ट्रातल्या अक्षरकाराने केला, हे अर्ज लिहिणाऱ्याला कुठून कळावे?

नाव दडवले गेले की कारागीर ते कुठेतरी कोरतोच. याचा संगणकाच्या जगातला सर्वांत प्रसिद्ध दाखला अमेरिकेतल्या अटारी कंपनीचा आहे. ही कंपनी घरी दूरदर्शन संचाला जोडून खेळायचे खेळ विकत असे. एक खेळ बहुधा एकच माणूस रचत असे, चित्रांपासून नियमांपर्यंत सगळे. पण खोक्यावर नाव फक्त कंपनीचे, आणि विक्रीत वाटा नाही. १९७९ साली तिथल्या चार रचनाकारांनी नावासाठी आणि वाट्यासाठी भांडण मांडले, ते फिसकटले आणि त्यांनी बाहेर पडून ॲक्टिव्हिजन ही स्वतःची कंपनी काढली. तिच्या खेळांवर त्यांनी रचनाकाराचे नाव छापायला सुरुवात केली. वॉरन रॉबिनेट हा पाचवा माणूस मात्र कोणाशी बोलला नाही. त्याने 'ॲडव्हेंचर' या आपल्या खेळात एक गुप्त खोली केली. एका भिंतीआड पडद्यावरचा सर्वांत लहान असा एकच करडा ठिपका ठेवला. तो ठिपका शोधून, उचलून, ठरावीक ठिकाणी नेला की दार उघडे आणि आत अक्षरे झळकत: हा खेळ वॉरन रॉबिनेटने रचला. खेळ १९८० साली बाजारात आला. त्याने नोकरी सोडल्यावर एका शाळकरी मुलाने ती खोली शोधून कंपनीला पत्र लिहिले, तेव्हा मालकांना कळले की आपल्या मालावर कामगाराची सही आहे.

आम्ही ही गोष्ट युनियनच्या सभेत सांगितली तेव्हा एक जुना बाइंडर म्हणाला, "हा आपल्यातलाच दिसतोय." पुस्तकाच्या पाठीच्या आत, खळीखाली, त्यानेही पेन्सिलीने आपले नाव लिहिलेली पुस्तके या शहरातल्या ग्रंथालयांत आहेत म्हणे. ती पाठ उसवेपर्यंत कोणाला दिसायची नाहीत.

सगळेच मालक एकसारखे नसतात हेही सांगितले पाहिजे. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाच्या तुकडीतल्या लोकांच्या सह्या १९८२ साली घेऊन संगणकाच्या पेटीच्या आतल्या अंगाला उमटवल्या गेल्या. पेटी उघडल्याशिवाय त्या दिसत नसत, पण होत्या. त्याच संगणकासाठी सुझन केर या बाईंनी चित्रे काढली: हसरा संगणक, मनगटी घड्याळ, बॉम्ब. आलेखाच्या कागदावर बत्तीस उभ्या आणि बत्तीस आडव्या चौकटी, म्हणजे एकंदर १०२४, आणि त्यांतली प्रत्येक काळी किंवा पांढरी. एवढ्यात त्या बाईंनी यंत्राला चेहरा दिला. त्या मूळच्या शिल्पकार होत्या. आज त्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती चित्रे आपल्या नावाने दाखवतात. कारागिराने हे काम माझे आहे असे उघड म्हणावे आणि कोणाला त्यात वावगे वाटू नये, इतकी साधी गोष्ट.

पण ती साधी राहिलेली नाही. आता त्या मुलीची गोष्ट सांगतो, जिच्यामुळे आम्ही हा विषय घेतला.

तिचे वडील आमच्या युनियनचे सभासद होते. मुलगी एका मोठ्या कंपनीत चार वर्षे डिझायनर होती. पैसे पाठवण्याच्या एका सेवेतले पडदे ती रचत असे. तिने एक बारकावा केला होता. आपण रक्कम लिहितो आणि खालचे 'पाठवा' हे बटण दाबतो. तिने त्या बटणावरच लिहून येईल असे केले: 'अमक्यांना पाचशे रुपये पाठवा', आकड्यांत आणि अक्षरांतही. दाबण्यापूर्वी डोळा शेवटी बटणावर जातो, म्हणून चूक पकडायची जागा बटण हीच, असा तिचा हिशेब. पाचशेचे पाच हजार होऊ नयेत यासाठी ती कित्येक आठवडे म्हाताऱ्या माणसांशेजारी बसून त्यांचे अंगठे पाहत होती. पुढे कंपनीने तो विभागच बंद केला आणि सगळ्यांना एका दिवसात घरी पाठवले. ती दुसरीकडे अर्ज करू लागली तेव्हा प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: कामे दाखवा. आणि तिच्या करारात कलम होते की केलेले कोणतेही काम कोणालाही, नोकरी सुटल्यावरही, दाखवता येणार नाही. जे पडदे रस्त्यावरचा कोणीही माणूस आपल्या फोनवर पाहू शकतो, ते 'मी केले' असे म्हणण्याची तिला बंदी!

ती आमच्या कचेरीत येऊन म्हणाली, "काका, चार वर्षं मी काय केलं हे दाखवायला माझ्याकडे काहीच नाही."

आम्ही करार वाचला. कायदाही काढला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. मात्र त्यात 'विरुद्ध करार नसेल तर' असे शब्द आहेत. हे शब्द युनियनवाल्याने लाल शाईने अधोरेखित करावेत असे आहेत. त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे मालकी दुसऱ्याकडे गेली तरी हे काम माझे आहे असे म्हणण्याचा कर्त्याचा हक्क उरतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली उखडून गोदामात टाकले. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली सहगलांच्या बाजूने निकाल दिला, अवशेष परत करायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई देवविली. त्या निकालाचा आधार हेच कलम. पण बटणावरच्या अक्षरांसाठी पंचविशीतली मुलगी पंचवीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढेल काय? तिला पुढच्या महिन्याचे घरभाडे द्यायचे होते.

तिने काय केले ऐका. आपल्या संकेतस्थळावर चार काळ्या चौकटी मांडल्या. एकेका चौकटीखाली वर्ष, किती महिने लागले, आणि तिने स्वतः काय केले याची दोन वाक्ये. कंपनीचे नाव नाही, चित्र नाही, सेवा कोणती याचा उल्लेखही नाही. पाहणारा चौकट दाबणारच, कारण इतर सर्व संकेतस्थळांवर दाबले की चित्र उघडते. ती दाबली की उजवीकडे किंचित हलते, परत येते, पुन्हा किंचित हलते आणि थांबते. आतून कडी घातलेले दार ढकलल्यावर जसे होते अगदी तसे. मग खाली बारीक अक्षरांत येते: 'आत सात महिन्यांचे काम आहे. दाखवण्याची परवानगी नाही.' बस्स. एवढाच बारकावा. आम्ही आयुष्यात पुष्कळ निषेधाचे फलक रंगवले, पण इतका थोडक्यातला फलक आम्हांला सुचला नसता.

आता कोणी म्हणेल, हा युनियनवाला कारागिरांची वकिलीच करणार. तर तसे नाही. वाईट कामाला वाईट म्हणण्याचा हक्क कारागिरांच्या माणसाला सर्वांत आधी असतो, आणि या संकेतस्थळांवर आम्हांला पुष्कळ वाईट दिसते. पान उघडण्यापूर्वी शून्यापासून शंभरपर्यंत मोजत बसणारा आकडा. आमच्यासारख्याच्या जुन्या फोनवर तो चाळिसाच्या पुढे जात नाही. माउसच्या बाणाऐवजी मागे मागे घरंगळणारा भला मोठा गोळा, ज्याच्या पोटाखाली वाचायची ओळ झाकते. चाक एक दात फिरवावे तर पान तीन हात पळते, नाहीतर मधेच अडून बसते. अशा ठिकाणी कारागीर पाहुण्याचा हात धरून त्याला ओढत नेत असतो. माउस नेल्यावर उजळणाऱ्या गोष्टींचे तर विचारूच नका. बोटाने चालणाऱ्या फोनवर 'नुसते वर नेणे' ही क्रियाच नाही, आणि आपल्या देशात बहुतेक लोक फोनवरच पाहतात. ज्या बारकाव्याखाली कामाचे नावच दडवले आहे तो त्यांच्यापुरता उघडतच नाही.

हलत्या गोष्टींनी काही माणसांना खरोखरीच भोवळ येते. २०१३ साली ॲपलने फोनवर सरकणारी, झेपावणारी दृश्ये आणली तेव्हा लोकांनी मळमळीच्या तक्रारी केल्या. फोनमध्ये 'हालचाल कमी करा' अशी कळ आहे. ती कोणी दाबली आहे का, हे २०१७ पासून संकेतस्थळालाही विचारता येते. विचारायला एक ओळ लागते. कित्येक सुंदर संकेतस्थळे ती विचारत नाहीत. तसेच, ज्याचा हात माउसवर ठरत नाही तो कीबोर्डच्या टॅबने पुढे पुढे जातो, आणि आपण कुठे आहोत हे त्याला भोवतीच्या चौकटीवरून कळते. ती चौकट 'दिसायला बरी नाही' म्हणून काढून टाकण्याची पद्धत पडली होती. कंपवाताने हात थरथरणाऱ्या आमच्या एका जुन्या सभासदाने अशा पानावर अर्धा तास काढला आणि मग शेजारच्या मुलाला हाक मारली. ती चौकट ठेवून, तिला आपल्या पानाच्या रंगात नीट घडवणारा डिझायनर आम्हांला मोटार हाकायला लावणाऱ्यापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

आणि आपली मराठी! इथे जुळाऱ्याचा जीव कळवळतो. आजकाल या संकेतस्थळांवर नाव एकेक अक्षर करत उमटवण्याची टूम आहे. रोमन लिपीत ते सोपे, एक खूण म्हणजे एक अक्षर. 'चित्रकार' हा शब्द घ्या. आपल्या हिशेबी त्यात चार अक्षरे: चि, त्र, का, र. संगणकाच्या साठ्यात खुणा आठ: च, पहिली वेलांटी, त, हलन्ताची खूण, र, क, काना, र. परक्या लिपीसाठी लिहिलेला नुस्खा जसाच्या तसा उतरवला की पडद्यावर आधी 'च' येतो, मग वेलांटी उडी मारून त्याच्या डावीकडे बसते आणि 'च' दचकून उजवीकडे सरतो. पुढे 'त' येतो, त्याचा पाय मोडतो, मग तो 'र'ला चिकटतो. प्रत्येक खूण वेगळ्या खोक्यात घातली असेल तर वेलांटी बिचारी ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळत राहते. छापखान्यात आमच्या हाताने पहिली वेलांटी आधी लावली, मग अक्षर; डोळ्याला दिसे तोच क्रम. संगणक ती उच्चाराच्या क्रमाने अक्षरामागून ठेवतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, पण दाखवताना डोळ्याचा मान राखला पाहिजे. आता ब्राउझरमध्येच अक्षराअक्षराने तोडण्याची सोय आली आहे आणि २०२३ साली युनिकोडच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याची दुरुस्तीही झाली आहे. म्हणजे हत्यार हाताशी आहे. उचलायचे तेवढे बाकी.

दुसरी खोड, अक्षरांत अंतर टाकण्याची. रोमन मथळा पसरला की ऐटदार दिसतो. देवनागरीची शिरोरेषा मात्र तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिसरी, ओळ पडद्याआडून वर सरकत येण्याची. तिची उंची रोमन मोजमापाने धरलेली असते, त्यामुळे 'मूर्ती' या शब्दाचा रफार आणि वेलांटीचा माथा वर कापला जातो, खाली ऊकार छाटला जातो. मूर्तिभंजनच म्हणायचे! आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची संकेतस्थळे इंग्रजीत असतात. का, म्हणून विचारले तर एक जण म्हणाला, "मराठीत नीट दिसत नाही, काका." पानाला आपली भाषा मराठी आहे एवढे सांगितले तरी कित्येक टाइप आपले मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आपण होऊन बाहेर काढतात, हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याने ते त्या रात्री करून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या आईला तिच्या भाषेत आपले काम दाखवले. चार वर्षांत पहिल्यांदा आईला कळले की पोरगा काय करतो.

हत्याराबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९६ पासून पुढे पंधराएक वर्षे असल्या करामतींचे मुख्य हत्यार फ्लॅश हे होते. जपानच्या युगो नाकामुरा यांच्यासारख्यांनी त्यात केलेले प्रयोग जगभरचे तरुण समोर ठेवून शिकले. हत्यार आधी एका कंपनीचे, २००५ पासून अडोबीचे. २००७ साली आलेल्या आयफोनवर ते चालले नाही, आणि ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने ते कायमचे बंद केले. हजारो कारागिरांची बाडे त्यानंतर उघडेनाशी झाली. काही हौशी मंडळींनी जुने फ्लॅश चालवणारी नवी साधने करून त्यांतली पुष्कळ पुन्हा जिवंत केली, तीही फुकट. खिळे भंगारात जाताना आम्ही पाहिले आहेत, पण खिळ्यांनी छापलेले पुस्तक खिळे वितळल्यावरही वाचता येते.

राहिला वेळेचा प्रश्न. दोरीचा झोका बरोबर बसायला त्या मुलाला अकरा रात्री लागल्या. या रात्रींचा हिशेब कोणाच्या वहीत नाही. तो त्याच्या आवडीचा भाग आहे असे म्हटले की विषय मिटतो, पण शेजारीच दुसरी पद्धत बोकाळली आहे. नोकरीच्या मुलाखतीआधी 'चाचणी' म्हणून तीन-चार दिवसांचे काम फुकट करून घ्यायचे, आणि निवडला नाही तरी काम ठेवून घ्यायचे. शिंपी निवडण्यासाठी दहा जणांकडून सदरे शिवून घेऊन नऊ जणांना नमस्कार करणारा गृहस्थ तुमच्या आळीत किती दिवस टिकेल?

आमच्या युनियनने गेल्या वर्षी दोन कलमांचा एक मसुदा केला. पहिले कलम असे: काम प्रसिद्ध झाल्यावर सहा महिन्यांनी, गिऱ्हाइकाची गुप्त माहिती वगळून, आपण केलेल्या भागाचे चित्र आणि वर्णन स्वतःच्या संकेतस्थळावर नावानिशी देण्यास कामगाराला मोकळीक राहील. दुसरे: चार तासांहून अधिक लागणाऱ्या चाचणी-कामाचा मोबदला दिला जाईल, आणि निवड न झाल्यास ते काम करणाऱ्याचेच राहील. यात 'विरुद्ध करार नसेल तर' या जुन्या शब्दांचा उपयोग करून घेतला आहे, बाकी काही नाही. शहरातल्या दोन लहान कचेऱ्यांनी यावर सह्या केल्या. त्यांपैकी एका मालकिणीने तर आपल्या कंपनीच्या संकेतस्थळाच्या तळाशी, जिथे सालाबादची हक्काची ओळ असते तिथे, पान ज्यांनी रचले त्या तिघांची नावे घातली आहेत. तिसरी कचेरी मोठी आहे. तिला दुसरे कलम मान्य आहे, पहिल्यात सहा महिन्यांऐवजी चोवीस हवेत. आम्ही नऊवर आलो आहोत. त्या मुलीला दरम्यान नोकरी लागली आहे आणि वाटाघाटीला आमच्या बाजूने तीच बसते. चौकटी अजून काळ्याच आहेत. पुढची बैठक मंगळवारी आहे.